शेवटच्या गोणीचा हिशेब

पीक प्रात्यक्षिकाच्या शेतावर आपण शेतकरी बंधूंस सामान्यतः दोन तुकडे दाखवितो. एक खत न दिलेला, दुसरा शिफारशीप्रमाणे किंवा त्याहून सढळ हाताने खत दिलेला. मळणीच्या दिवशी दोहोंच्या धान्याचे वजन होते, फरक फळ्यावर लिहिला जातो आणि जमलेली मंडळी समाधानाने घरोघर जातात. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजनेस आरंभ झाला, त्या काळी हीच पद्धत योग्य होती. रासायनिक खताने पीक येते की जळते, हाच तेव्हा गावोगावचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर देण्यास दोन तुकडे पुरेसे होते. तो प्रश्न केव्हाच निकालात निघाला. आज बागायती भागातील शेतकरी खत देतोच. आणखी एक गोणी द्यावी की न द्यावी, एवढेच त्याला ठरवावयाचे असते. ह्या प्रश्नाचे उत्तर दोन तुकड्यांचे प्रात्यक्षिक देऊ शकत नाही, आणि तरीही आपण तेच करीत आहोत, अशी माझी तक्रार आहे.

काही वर्षांपूर्वी गव्हाच्या अशाच एका प्रात्यक्षिकाच्या मळणीस मी हजर होतो. फळ्यावर आकडे लिहिण्याचे काम माझ्याचकडे होते. फरक मोठा निघाला. मी तो ठळक अक्षरांत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. तेव्हा मागे बांधावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “साहेब, बिनखताचं बघितलं, पोटभर खताचंबी बघितलं. मधलं कुठं हाय?”

मी म्हणालो, “बाबा, मधले घेतलेले नाही.”

“मग ह्या खताला पीक चढतंय का उतराय लागलंय, ते कसं कळायचं?”

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पुढे घरी येऊन कागदावर आकडे मांडले, तेव्हा त्या प्रश्नाचे मोल ध्यानात आले. गणिताच्या वरच्या वर्गात अवकलज म्हणून जे शिकवितात आणि जे परीक्षेनंतर आपण सर्वजण विसरून जातो, नेमके तेच बाबांनी विचारले होते.

आपण एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट शेताचे नाहीत. हिशेब समजावा म्हणून सोयीचे घेतले आहेत. तथापि बागायती गव्हाची नत्राला मिळणारी साथ पुष्कळ अंशी ह्याच घाटाची असते. हेक्टरी नत्राची मात्रा व हेक्टरी उत्पन्न, दोन्ही किलोमध्ये आहेत असे समजावे.

नत्र ० : उत्पन्न १,५००
नत्र ३० : उत्पन्न २,१४८
नत्र ६० : उत्पन्न २,६५२
नत्र ९० : उत्पन्न ३,०१२
नत्र १२० : उत्पन्न ३,२२८
नत्र १५० : उत्पन्न ३,३००
नत्र १८० : उत्पन्न ३,२२८
नत्र २१० : उत्पन्न ३,०१२

ह्यात १२० आणि १८० ह्या दोन ओळी पाहाव्यात. उत्पन्न अगदी सारखे, ३,२२८ किलो. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांची ही शेते आहेत अशी कल्पना करा. खळ्यावर दोघांची पोती सारखी भरतात, त्यामुळे गावात दोघांचेही नाव सारखेच निघते. पण त्यांची स्थिती परस्परविरुद्ध आहे. पहिल्याने थोडे नत्र वाढविले तर त्याचे उत्पन्न वाढेल. दुसऱ्याने वाढविले तर त्याचे घटेल. पहिला चढणीवर उभा आहे, दुसरा उतारावर. उंची तेवढी एक आहे. केवळ पोती मोजून हा भेद कधीही कळणार नाही. दुसऱ्या शेतकऱ्याने हेक्टरी ६० किलो नत्र, म्हणजे सुमारे १३० किलो युरिया, जवळजवळ तीन गोण्या, विनाकारण टाकल्या हेही त्याला कळणार नाही.

आता ह्याच शेतावर आपले नेहमीचे प्रात्यक्षिक घेऊ. एक तुकडा बिनखताचा, दुसरा १८० किलो नत्राचा. फळ्यावर काय दिसेल? १,५०० विरुद्ध ३,२२८. वाढ १,७२८ किलो. दर किलो नत्रामागे ९.६ किलो गहू. कोणालाही हे प्रात्यक्षिक यशस्वी झाले असेच वाटेल. मात्र १५० च्या पुढील ३० किलो नत्राने ७२ किलो गहू कमी केला, ही गोष्ट त्या ९.६ च्या पोटात दडून राहिली. आरंभीच्या मात्रांनी जी भरघोस वाढ दिली, तिच्या पुण्याईवर शेवटच्या मात्रेचे पाप झाकले जाते. मात्रा २१० किलोपर्यंत नेली तरी सरासरी ७.२ किलो, म्हणजे चांगली नफ्याचीच दिसते. सरासरीवर विसंबणाऱ्या कार्यकर्त्याने शेतकऱ्यास उतारावर बरेच खाली नेले तरी त्याच्या वहीतला आकडा बेरजेचाच राहतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, प्रात्यक्षिकाच्या अहवालातून “दर किलो खतामागे सरासरी वाढ” हा रकाना एकट्याने कधीही लिहू नये. त्याच्या शेजारी शेवटच्या मात्रेने किती भर घातली, हा रकाना असलाच पाहिजे.

तो रकाना भरणे अवघड नाही. खालच्या ओळीतून वरची ओळ वजा करीत जावे. ६४८, ५०४, ३६०, २१६, ७२, आणि मग उणे ७२, उणे २१६. जोपर्यंत ही वजाबाकी अधिक आहे तोपर्यंत उत्पन्न चढते आहे. ती उणे झाली की उतरते आहे. अधिकाकडून उणेकडे जिथे ती वळते, तिथे माथा आहे. गणिती लोक ज्याला फलनाचे वर्धन व ऱ्हास म्हणतात, त्याचे बीज एवढेच.

परंतु ३० किलोचे पाऊल बरेच मोठे आहे. १२० किलोवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला, तो जिथे आहे नेमक्या त्याच ठिकाणी, चढ किती आहे? ३० किलोचे पाऊल टाकले तर वाढ ७२ किलो, म्हणजे दर किलो नत्रास २.४ किलो गहू. पाऊल १० किलोचे केले तर १३० किलो नत्रास उत्पन्न ३,२६८ येते, म्हणजे वाढ ४० किलो आणि दर किलोस ४. पाऊल एकाच किलोचे केले तर ४.७२. पाऊल जसजसे लहान करावे तसतसा हा आकडा ४.८ च्या जवळ जवळ सरकतो. ह्या ४.८ ला त्या ठिकाणचा अवकलज म्हणतात. वरील तक्ता ज्या सूत्रावरून बनविला ते असे: १,५०० मध्ये नत्राची २४ पट मिळवा व नत्राच्या वर्गाची ०.०८ पट वजा करा. त्याचा अवकलज काढण्याची रीत शाळेतील आहे. तो येतो २४ उणे नत्राची ०.१६ पट. नत्र १२० असता तो अधिक ४.८, नत्र १८० असता उणे ४.८, आणि १५० असता शून्य. त्या दोन शेजाऱ्यांतील भेद पोत्यांनी सांगितला नाही, तो ह्या अधिक-उणे चिन्हाने सांगितला.

ही विद्या परकी आहे असे समजून बिचकण्याचे कारण नाही. लायब्निट्स ह्या जर्मन पंडिताने १६८४ मध्ये आपल्या नव्या पद्धतीवर जो पहिला लेख छापला, त्याच्या शीर्षकातच कमाल व किमान मूल्ये शोधण्याचा उल्लेख आहे, हे खरे. पण त्याच्या पाच शतके आधी, इ.स. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ ग्रंथात भास्कराचार्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला आणि ग्रहाचे फल जिथे परम होते तिथे त्यातील बदल शून्य होतो, हे ओळखले होते. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिला, असे तेथील शिलालेख सांगतो. माथ्यावर चढ शून्य असतो, हा विचार आपल्या मातीत जुना आहे. असो.

चिन्हाचा हा नियम सोपा असला तरी त्यात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली फसगत सर्वत्र आढळते. ६४८, ५०४, ३६० ही घटती ओळ पाहून “नव्वद किलोपासून पीक कमी होऊ लागले” असे म्हणणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. वस्तुतः पीक वाढतच आहे. वाढीचा वेग तेवढा मंदावला आहे. वाढ घटणे निराळे आणि उत्पन्न घटणे निराळे. घाट चढताना चढण सौम्य झाली म्हणून आपण उतरू लागलो, असे कोणी म्हणत नाही. ह्या गैरसमजाने शेतकऱ्याला माथ्याच्या फार आधी थांबविले, तर त्याचेही नुकसानच होते, आणि कोरडवाहू भागात तसे झालेले मी पाहिले आहे.

दुसरी फसगत शून्याची. चढ शून्य झाला म्हणजे माथा आलाच, असे नव्हे. पलीकडे उतार आहे की लांबच लांब पठार, हे दोन्ही बाजूंची चिन्हे पाहूनच ठरवावे लागते. जर्मन शास्त्रज्ञ मिट्शरलिख ह्यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या नियमातील वक्र तर कधी उतरतच नाही. तो वरच्या मर्यादेकडे सपाट सपाट होत जातो. स्फुरद व पालाश ह्यांच्या बाबतीत पुष्कळदा असे पठारच आढळते. नत्राची गोष्ट वेगळी. अति नत्राने गव्हाची धाटे उंच व मऊ होतात, वाऱ्यापावसात पीक लोळते, पाने लुसलुशीत होऊन माव्यासारख्या किडीस आमंत्रण मिळते, पक्वता लांबते. ओल मर्यादित असेल तर आरंभी माजलेली पाने जमिनीतील पाणी पिऊन टाकतात आणि दाणा भरण्याच्या वेळी ओल उरत नाही. म्हणून नत्राच्या पठाराला बहुधा पलीकडे कडा असतो. शिवाय पिकाने न उचललेल्या नत्राचा काही भाग नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीत उतरतो. ते नुकसान खळ्यावरच्या ताणकाट्यावर दिसत नाही.

किंमतीचाही विचार केला पाहिजे. शहाणा शेतकरी माथ्यापर्यंतही जात नाही. शेवटच्या किलो नत्राने दिलेल्या गव्हाची किंमत त्या नत्राच्या किंमतीइतकी झाली, की तो थांबतो. मात्र युरिया सवलतीच्या भावाने मिळतो. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांस, तीत नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो, एक किलो नत्र सुमारे १३ रुपयांना पडते. गव्हाचा भाव किलोस २५ रुपये धरला तर अर्ध्या किलो गव्हात एक किलो नत्राचे पैसे फिटतात. आपल्या उदाहरणात तो बिंदू १४७ किलोच्या आसपास येतो, म्हणजे माथ्याला जवळजवळ टेकून. नत्र ५० रुपये किलो असते तर तो १३७ किलोच्या सुमारास आला असता. भाव स्वस्त ठेवून शासनाने लहान शेतकऱ्याचा भार हलका केला, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे खिशाने घालावयाचा लगाम सैल झाला, हे मान्य केले पाहिजे. खिसा थांबवीत नसेल, तर थांबण्याची खूण शेतानेच दिली पाहिजे, आणि ती खूण वाचण्यास शिकविणे हे आपले काम आहे.

संशोधन केंद्रांत ही खूण वाचण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे लॉझ व गिल्बर्ट ह्यांनी १८४३ मध्ये सुरू केलेल्या गव्हाच्या प्रयोगात नत्राच्या चढत्या मात्रांचे पट्टे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, आणि तो प्रयोग आजही चालू आहे. आपल्याकडे भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या दीर्घकालीन खत प्रयोगांत शिफारशीच्या निम्मी, पूर्ण आणि दीडपट अशा मात्रा असतात; अकोला येथे ज्वारी-गहू ह्या पिकांवर असा प्रयोग चालतो. निम्मी, पूर्ण, दीडपट: त्या वृद्ध गृहस्थांनी विचारलेले “मधले” शास्त्रज्ञांनी कधी वगळले नाही. ते केंद्रापासून गावापर्यंत येताना वाटेत गळाले. सोय म्हणून आपणच ते गाळले.

माझी सूचना अशी की, बागायती गव्हाच्या प्रात्यक्षिकात दोन तुकड्यांऐवजी एकेका गुंठ्याचे पाच पट्टे घ्यावेत. महाराष्ट्रात वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. स्फुरद व पालाश पाचही पट्ट्यांत सारखेच द्यावे. नत्र मात्र ०, ६०, ९०, १२० व १५० किलो ठेवावे. एका गुंठ्यास हेक्टरी ३० किलो नत्र म्हणजे सुमारे ६५० ग्रॅम युरिया होतो. ह्या मापाने पाचही पट्ट्यांच्या पुड्या आदल्या रात्री बांधून ठेवता येतात. निम्मे नत्र पेरणीच्या वेळी व निम्मे सुमारे तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी द्यावयाचे असल्यामुळे प्रत्येक पट्ट्याच्या पुड्या दोन कराव्यात. पट्ट्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. जास्त खताचा पट्टा विहिरीच्या थारोळ्याजवळ आणि कमी खताचा बांधाच्या खडकाळ कडेला, असे घडले की सगळा हिशेब बिघडतो, आणि चिठ्ठ्या न टाकल्यास असे फार वेळा घडते. पट्ट्यांमध्ये हातभर जागा मोकळी सोडावी व मळणीच्या वेळी कडेच्या ओळी वगळाव्यात. वगळलेले क्षेत्र हिशेबातून कमी करावे.

ह्यावर आक्षेप येणार की, गुंठ्याच्या पट्ट्यावर एवढा बारीक फरक दिसेल काय? आक्षेप रास्त आहे. आपल्या उदाहरणात १२० व १५० ह्यांतील फरक हेक्टरी ७२ किलो आहे, म्हणजे गुंठ्यामागे जेमतेम पाऊण किलो. उंदराने खाल्ले, पाखरांनी टिपले, मळणीत सांडले, तरी तेवढा फरक पडतो. माथ्याजवळ चढ मुळातच शून्यालगत असतो, त्यामुळे तिथले चिन्ह एकट्या शेतावरून वाचणे धोक्याचे आहे. एका शेतावर १५० चा पट्टा अर्धा किलो कमी भरला म्हणून “एकशेवीसच्या पुढे उतार” असे जाहीर करणाऱ्या कार्यकर्त्यापेक्षा दोन तुकड्यांचा जुना कार्यकर्ता बरा. उपाय हा की, एकाच प्रकारच्या जमिनीवरील आठ-दहा शेतकऱ्यांची शेते घ्यावीत, प्रत्येक मात्रेच्या उत्पन्नाची सरासरी काढावी, आणि ते पाच बिंदू आलेखाच्या कागदावर मांडून त्यांतून हाताने एक गुळगुळीत रेषा ओढावी. दोन लगतच्या बिंदूंची वजाबाकी फसवी असली, तरी पाचही बिंदूंना धरून ओढलेली रेषा पुष्कळ विश्वासार्ह असते. रेषेवर फूटपट्टी टेकवावी. ती उजवीकडे वर जात असेल तर चढ, आडवी राहिली तर माथा किंवा पठार. शाळेतील मुलगाही हे करील. त्याला बोलावून त्याच्याकडूनच करवून घ्यावे, म्हणजे त्याच्या वडिलांना ते पाहण्याची उत्सुकता वाटेल.

उसाच्या पट्ट्यातील कार्यकर्त्यांस ही दृष्टी अधिक लवकर पटेल. उसातील साखर पक्वतेपर्यंत चढते, काही काळ टिकते आणि ऊस जास्त दिवस उभा राहून उन्हाळा लागला की उतरते. हातातील रिफ्रॅक्टोमीटरने एकदा ब्रिक्सचा आकडा घेऊन तोड ठरविणारे पुष्कळ आहेत. तो आकडा चढणीवरचा आहे की उतारावरचा, हे एका वाचनाने कसे कळणार? त्याच फडात, त्याच ठिकाणच्या उसाच्या त्याच कांड्यांवर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा वाचन घ्यावे आणि दुसऱ्यातून पहिले वजा करावे. अधिक आले तर फड थांबू शकतो; उणे आले तर तोडीची पाळी पुढे आणण्यासाठी कारखान्याच्या शेतकी विभागाकडे त्याच दिवशी जावे. पाणी दिल्यावर लगेच वाचन घेऊ नये, रस पातळ होऊन आकडा खोटा उतरतो.

कोरडवाहू ज्वारीसाठी मात्र गव्हाचे हे पट्टे जसेच्या तसे उचलू नयेत. तिथे मात्रा लहान ठेवाव्यात आणि तीन हंगामांच्या नोंदी हाती आल्याखेरीज रेषा ओढू नये. पाऊस चांगला झालेल्या वर्षी जी मात्रा चढणीवर असते, तीच ओल तुटलेल्या वर्षी उतारावर येते. वहीत मात्रा व उत्पन्न ह्यांच्या शेजारी पेरणीच्या वेळची ओल किती खोल होती, ह्याचा एक रकाना जरूर ठेवावा; हात-दीड हात खड्डा खणून मातीचा गोळा वळतो की नाही एवढे पाहिले, तरी नोंद होते.